हात थांबतो तेव्हा: नऊ अंतराय आणि एक रिकामं स्केचबुक

आजचं वाचन: पातंजल योगसूत्रे, समाधिपाद, सूत्र ३० ते ३३



काल २९व्या सूत्रापाशी थांबलो होतो. ईश्वराला शरण गेलं की दृष्टी आत वळते आणि वाटेतले अडथळे दूर होतात, असं तिथे म्हटलं होतं. आता कुणीही विचारेल की अडथळे म्हणजे नक्की कोणते? पतंजली पुढच्याच सूत्रात सरळ यादी देतात. एकूण नऊ. त्यांना ते 'अंतराय' म्हणतात, म्हणजे मध्ये येऊन उभे राहणारे. ३१व्या सूत्रात त्या नऊंबरोबर येणारी चार लक्षणं आहेत आणि ३२-३३मध्ये उपाय.

आज ही यादी एका अगदी साध्या उदाहरणावर लावून बघू या: नोकरी सांभाळून, छंद म्हणून चित्रं काढणारा माणूस, आणि त्याचा थांबलेला हात.

हेच उदाहरण का, तर आपल्यात असे खूप जण आहेत. कुणी गणपतीचं मखर रंगवतं, कुणी सुलेखन करतं, कुणी प्रवासात पेनाने देवळं काढतं. आमच्या रविवारच्या हरिपाठाला येणारी एक मैत्रीण चार वर्षं दर एकादशीला विठोबाचं एक चित्र काढायची. छोटंसंच, पोस्टकार्डाएवढं. गेले आठ महिने एकही नाही. परवा ती म्हणाली, "देवाचं चित्र काढायलाही मन होत नाही रे. म्हणजे माझी भक्तीच आटली का?"

हा प्रश्न हलका नाही. चित्र थांबलं याचं दुःख एकवेळ सोसता येतं. पण त्यावरून 'मी आतून कोरडी झाले' असा निष्कर्ष काढला, की माणूस चित्राबरोबर बाकीचंही सोडून द्यायला लागतो. त्यामुळे घाईने उत्तर न देता आधी ग्रंथ काय म्हणतो ते पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. पतंजली समाधीबद्दल बोलतायत, वॉटरकलरबद्दल नाही. पण दोन्हीकडे काम करणारं साधन एकच आहे, ते म्हणजे चित्त. आणि या नऊ गोष्टींना ते 'चित्तविक्षेप' असंच म्हणतात.

आधी लॉग वाचा

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे पटेल. सिस्टिम बंद पडली की नवीन माणूस लगेच रीस्टार्ट मारतो. जुना माणूस आधी लॉग उघडतो. चित्रकलेत आपला रीस्टार्ट म्हणजे नवीन ब्रश, नवीन कोर्स, 'उद्यापासून रोज एक तास'. बिघाड कुठला ते कळलेलंच नसतं, मग तोच बिघाड पुन्हा येतो. ३०वं सूत्र मला लॉगसारखं वाटतं. एकेक ओळ वाचू.

१. व्याधी. यादीत पहिला नंबर शरीराचा आहे, हे नीट बघा. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे जळतायत, मनगट दुखतंय, झोप पाच तास. अशा वेळी 'माझी प्रेरणा गेली' म्हणणं म्हणजे चार्जिंग संपलेल्या फोनला खराब म्हणण्यासारखं आहे. आणि एक महत्त्वाचं: फक्त चित्रच नाही, तर जेवण, मित्र, गाणी, कशातच दोन आठवडे किंवा जास्त गोडी वाटत नसेल, झोप बिघडली असेल, तर हा विषय चिंतनाचा नाही, डॉक्टरांचा आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत. औषध घेणं ही श्रद्धेची कमतरता नाही. पतंजलींनी व्याधीला पहिलं स्थान दिलंय, तर आपणही देऊ या.

२. स्त्यान. हा शब्द आपल्या बोलण्यात नाही, पण अनुभव सगळ्यांचा आहे. व्यासभाष्यात याचा अर्थ चित्ताची काम करण्याची असमर्थता असा दिलाय. इच्छा आहे, वेळ आहे, कागद समोर आहे, आणि तरी हात उठत नाही. बर्नआउटच्या सगळ्यात जवळचा शब्द हाच.

३. संशय. दोन टोकांना धरून ठेवणारं ज्ञान. वॉटरकलर करू की आयपॅडवर? मी खरंच चित्रकार आहे का? आणि हल्लीचा मोठा संशय: एआय दहा सेकंदांत चित्र देतं, मग मी तीन तास कशाला घालवू?

४. प्रमाद. आज आपण हा शब्द 'चूक' या अर्थी वापरतो. इथे अर्थ वेगळा आहे: साधनांची काळजी न घेणं, ती न आचरणं. ट्युटोरियल चाळीस सेव्ह केलेत, रेघांचा सराव एकदाही नाही.

५. आलस्य. शरीर आणि मन दोन्ही जड. स्त्यान आणि आलस्य वेगळे ठेवलेत ही मला या यादीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट वाटते. आळस असेल तर आंघोळ करून, एक चक्कर मारून आलं की बऱ्याचदा हात चालायला लागतो. स्त्यान असेल तर नाही. थकलेल्या बैलाला आणि सुस्तावलेल्या बैलाला एकच चाबूक लावायचा नसतो. आपण मात्र स्वतःला दोन्ही वेळा 'आळशी' म्हणून मोकळे होतो.

६. अविरती. विषयांची ओढ न सुटणं. रेफरन्स फोटो शोधायला इन्स्टाग्राम उघडलं आणि चाळीस मिनिटं गेली. डोळे चित्रांनी भरलेत, कागद कोराच.

७. भ्रांतिदर्शन. चुकीचं दिसणं. दुसऱ्याच्या शंभरातलं एक निवडलेलं चित्र आपण बघतो आणि ते त्याचं रोजचं काम समजतो. 'खऱ्या कलाकाराला कायम स्फूर्ती असते', ही पण भ्रांतीच.

८. अलब्धभूमिकत्व. मेहनत करूनही पुढची पायरी न मिळणं. चार वर्षं झाली तरी विठोबाचे हात नीट जमत नाहीत! इथे एक गंमत असते. चांगली चित्रं बघून आपली नजर पटकन तयार होते, हात मात्र हळूहळू तयार होतो. त्यामुळे आपलंच चित्र पूर्वीपेक्षा वाईट दिसायला लागतं. प्रत्यक्षात चित्र तेच असतं, डोळा पुढे गेलेला असतो.

९. अनवस्थितत्व. पायरी मिळाली, पण तिथे टिकता आलं नाही. 'इंकटोबर' माहीत असेल. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ साली सुरू केलेला उपक्रम, ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत शाईची ३१ चित्रं. कितीतरी जण ३१ पूर्ण करतात आणि नोव्हेंबरमध्ये पेनचं टोपणही उघडत नाहीत.

आता ३१वं सूत्र. या नऊंबरोबर येणारे चार सोबती: दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता. यातल्या 'दौर्मनस्य'वर थांबू या. व्यासभाष्य सांगतं की इच्छेला आघात झाला की मनात जी खळबळ होते, ते दौर्मनस्य. म्हणजे उदास वाटतंय, तर विचारायचं: माझी कुठली इच्छा अडली?

उत्तर 'चित्र काढायची इच्छा' असेल असं वाटतं. पण ती कोण अडवतंय? कागद आहे, पेन्सिल आहे. बऱ्याचदा अडलेली इच्छा वेगळीच निघते: कुणीतरी बघावं, कौतुक करावं, मी पुढे गेलेलं दिसावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणूस म्हटलं की ते आलंच. फक्त कुठल्या नळाला पाणी नाही ते कळलं, की सगळी विहीर आटली असं वाटत नाही.

नवस आणि प्रसाद

इथे एक जुना प्रयोग आठवतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. मुलं बालवाडीतली, तीन ते पाच वर्षांची, आणि मुळातच चित्रं काढायची आवड असलेली. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की मार्करने चित्र काढलं तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्याला काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मार्कर नुसते ठेवून दिले आणि कोण किती वेळ काढतं ते पाहिलं. बक्षिसाचा सौदा ठरलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, आवड आधी होती, ती सौद्याने कमी झाली. दोन, अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नाही. म्हणजे बक्षीस विष नाही. 'हे केलं तर ते मिळेल' हा करार त्रास देतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: नवस आणि प्रसाद. नवसात आधी बोली लागते. प्रसाद हातावर येतो तेव्हा आपण तो मागितलेला नसतो. चित्र टाकलं, कुणाला आवडलं, दोन शब्द आले, हा प्रसाद. गोड मानून घ्यावा. पण लाइक्स येतील म्हणून चित्र काढायला बसलो की तो नवस झाला, आणि नवस फळला नाही की देवावरचा रुसवा चित्रावर निघतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक आपण लहानपणापासून ऐकतो. कर्मावर तुझा हक्क, फळावर नाही. पण त्याचा शेवटचा भाग आपण पटकन विसरतो. तिथे भगवंत म्हणतात, कर्म न करण्यातही अडकू नकोस. फळ मिळत नाही म्हणून काम सोडणारा माणूस फळालाच चिकटलेला असतो, फक्त उलट्या बाजूने. 'आता कुणी बघतच नाही तर कशाला काढू' हे वैराग्यासारखं दिसतं, पण ते वैराग्य नव्हे.

आपल्याकडे फळ सोडण्याची शाळा घराघरात आहे. दारातली रांगोळी बघा, संध्याकाळपर्यंत पुसली जाते, सकाळी पुन्हा काढली जाते. पार्थिव गणपती मातीचा घडवतो, प्राणप्रतिष्ठा करतो, आणि पाण्यात सोडतो. रांगोळी काढणाऱ्या आजीला कुणी 'पोर्टफोलिओ दाखवा' म्हणत नाही. ती थकत नसेल असं नाही. पण कालची रांगोळी पुसली म्हणून आजची अडत नाही.

अजून एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. तिच्या मते ही कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी गोष्ट: थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. ही संज्ञा फक्त नोकरी-व्यवसायासाठी आहे, असंही त्यांनी सांगितलंय. मग छंदात ती तिन्ही लक्षणं का दिसतात? माझ्या मते दोनच शक्यता. एकतर ऑफिसचा थकवा घरी आलाय आणि चित्राच्या नावावर जमा होतोय. नाहीतर छंदालाच आपण ऑफिस केलंय: डेडलाइन, टार्गेट, रिव्ह्यू, सगळं. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात चित्राला दोष देऊ नका, झोप आणि कामाचे तास बघा. दुसऱ्यात चित्राच्या गळ्यातलं आयडी कार्ड काढा.

उपाय: एक तत्त्व, चार भावना

३२वं सूत्र म्हणतं, या अंतरायांना आवरायला एकाच तत्त्वाचा अभ्यास करा. नऊ अडथळ्यांना नऊ औषधं देत बसले नाहीत. आपल्या उदाहरणात याचा अर्थ मी असा घेतो: माध्यम एक, विषय एक, जागा एक. एक पेन्सिल, एक छोटं स्केचबुक, आणि देव्हाऱ्यातली समई. फक्त समई. जेव्हा चित्त पसरलेलं असतं तेव्हा त्याला निवडीचं ओझं द्यायचं नाही. संशयाला जागा मिळते ती निवडीतच.

किती वेळ? समाधिपादातलं १४वं सूत्र आपण मागे पाहिलं होतं. अभ्यास पक्का कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर. पहिल्या दोन अटी सगळ्यांना पाठ असतात. तिसरी, आदराची, सुटते. रोज एक चित्र काढायचं म्हणून रात्री पावणेबाराला स्वतःला शिव्या देत चार रेघा मारल्या, तर पहिल्या दोन अटी पाळल्या, तिसरी मोडली. दहा मिनिटं, हात धुऊन, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसलात तर ती आदराची दहा मिनिटं.

"पण खंड नको म्हटलंय ना? मग विश्रांती कशी घ्यायची?" याचं उत्तर वारीत आहे. माऊलींची पालखी आळंदीहून निघते ती थेट पळत पंढरपूरला जात नाही. पुण्यात दोन रात्री मुक्काम, मग दिवे घाट चढून सासवडला पुन्हा दोन रात्री. वाटेत विसावे ठरलेले आहेत. विसाव्याला बसलेला वारकरी वारी सोडून गेला असं कुणी म्हणत नाही, कारण त्याची पताका तिथेच आहे आणि तोंड पंढरीकडे आहे. विसावा आणि सोडून देणं यात फरक एवढाच: विसाव्याची जागा आणि पुन्हा निघायची वेळ आधी ठरलेली असते. 'पंधरा तारखेपर्यंत काढणार नाही, सोळाला समईसमोर बसणार' हा विसावा. 'बघू कधी मूड आला तर' हे अनवस्थितत्व.

आता ३३वं सूत्र. चित्त प्रसन्न व्हायला चार भावना: सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. कलेच्या जगात रोज या चौघांशी गाठ पडते.

कुणाचं प्रदर्शन लागलं, ऑर्डर आली, तो सुखी आहे. त्याच्याशी मैत्री. मनात कळ आली तरी 'छान झालं' एवढा मेसेज करा. कुणी आपल्यासारखंच अडकलंय, त्याच्याबद्दल करुणा, आणि या 'कुणी'मध्ये स्वतःलाही धरा. कुणी वीस वर्षं निष्ठेने काम करतंय, त्याचं चित्र बघून मुदिता: असंही काम जगात होतंय, बरं आहे! आणि चित्रं चोरणारे, खवचट बोलणारे, यांची उपेक्षा. त्यांच्यावर संध्याकाळ खर्च करायची नाही.

मत्सर मनात ठेवून चित्र काढता येत नाही असं नाही, काढता येतं. पण लवकर थकवा येतो, कारण प्रत्येक रेघेला दुसऱ्याच्या रेघेशी भांडावं लागतं.

मग भक्ती आटली का?

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. मी तिला जे म्हणालो ते इथेही लिहितो.

पतंजलींनी अंतरायांची यादी दिली ती साधना करणाऱ्यांसाठी. जो वाटेवर नाही त्याच्या वाटेत अडथळा येणार कसा? स्त्यान येणं हा साधना संपल्याचा पुरावा नाही. वाटेवर असल्याचीच ती खूण आहे. दुसरं, चित्र हा भक्तीचा एक हात आहे, सगळं अंग नाही. उजवा हात दुखतोय म्हणून कुणी 'मी मेलो' म्हणत नाही. हात बरा होईपर्यंत डावा वापरायचा. चित्र होत नसेल तर नुसतं बघावं. विठोबासमोर दहा मिनिटं बसून, रेघ न काढता, कमरेवरचे हात कसे आहेत, कानातली कुंडलं कुठे टेकतात, एवढंच डोळ्यांनी फिरावं. चित्रकाराचं अर्धं काम बघणंच असतं. आणि भक्ताचं दर्शन म्हणजे तरी दुसरं काय?

तिसरं, २९वं सूत्र विसरू नका. अडथळे दूर होण्याचं श्रेय तिथे ईश्वरप्रणिधानाला दिलंय, आपल्या जिद्दीला नाही. कोरडेपणा लपवून, छान काहीतरी घेऊनच देवासमोर जायचं असतं असं कुणी ठरवलं? कोरा कागदही त्याच्यापुढे ठेवता येतो.

या आठवड्याचा अभ्यास

१. नऊ अंतरायांपैकी आज आपला कोणता, ते एका ओळीत लिहा. एकच. 'मी आळशी' असं लिहिलंत तर पुन्हा वाचा, स्त्यान आहे का बघा.

२. अडलेली इच्छा कोणती तेही लिहा. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं लिहा.

३. थकलेले असाल तर विसावा घ्या, पण पुन्हा निघायची तारीख कॅलेंडरवर टाका.

४. निघायच्या दिवशी दहा मिनिटं, एक पेन्सिल, एक वस्तू. सात दिवस तीच वस्तू. फोटो काढायचा नाही, कुठे टाकायचा नाही.

५. रोज एका चित्रकाराचं मनापासून कौतुक करा, त्याला कळेल असं.

आजची प्रार्थना: देवा, हात चालत असला तर त्यात तू राहा. हात थांबला असला तर त्या थांबण्यातही तूच राहा. मला फळ मोजायची घाई लागली की आठवण करून दे, की कागद तुझा, रंग तुझे, मी फक्त बसायला आलोय.

उद्या ३४वं सूत्र, श्वासाबद्दल. आज सोबत्यांमध्ये अस्थिर श्वास आला होता, त्याचा धागा तिथे पुढे जातो. वाचून या.

राम कृष्ण हरी!